ऑलिव्हचा सरवा

दिवाळी आटोपली की गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याच्या हवेत तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास येतो. आमच्या ले-आउटच्या मागे अजून दोन-चार बांध्या, म्हणजे धानाची शेतं, शिल्लक आहेत, बाकी सगळीकडे प्लॉटचे दगड उभे झाले. त्या बांध्यांत हार्वेस्टर शिरतो, दुपारभर घुरघुरतो आणि धान ट्रॉलीत ओतून निघून जातो. माझ्या लहानपणी ज्या कामाला बायांच्या रांगा लागायच्या, ते आता कपडे वाळेपर्यंत उरकतं. मी गच्चीवर कपडे काढायला जाते आणि कठड्याला टेकून बघत राहते. धुळीनं घसा धरतो, तरी खाली उतरावंसं वाटत नाही. आणि दरवर्षी नेमक्या त्याच वेळी मला भलत्याच ठिकाणची आठवण येते. ग्रीसमध्ये पात्रास नावाचं शहर आहे, त्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी वस्ती आहे, तिथली. आठवण येते म्हणजे आधी कान गरम होतात, मग वस्ती दिसते.

मी गेले होते प्रज्ञाच्या बाळंतपणाला. प्रज्ञा माझी एकुलती एक लेक. गोंदियात शिकली, नागपुरात शिकली, आणि शिकता शिकता इतकी लांब गेली की तिच्याकडे पोचेपर्यंत माझ्या पायांचे खांब झाले. ती आणि जावई, दोघंही तिथल्या विद्यापीठात संशोधन करतात. हे गेल्यापासून मी कुडव्यात एकटीच असते, शाळेतून निवृत्तही झालेली, त्यामुळे बोलावणं आल्याबरोबर डिंक, मेथी, बाळंतशेपा बॅगेत कोंबून निघाले. परदेश म्हणजे काचेच्या इमारती, अशी माझी समजूत. टॅक्सीतून उतरून बघते तर काय, कुडवाच!

घरांच्या गच्च्यांवर लोखंडी सळाखी तशाच उभ्या, पुढेमागे वरचा मजला चढवू म्हणून ठेवलेल्या आणि गंजलेल्या. रस्त्याचं डांबर कडेनं खाल्लेलं. पोरं हेल्मेट कोपराला अडकवून स्कूटरवर सुसाट. गल्लीतली कुत्री गल्लीचीच, कोणा एकाची नव्हेत. पहिल्याच सकाळी भोंगा लावून एक टेम्पो आला. कसली प्रचारगाडी म्हणून विचारलं, तर प्रज्ञा म्हणाली, "भंगारवाला आहे आई. जुनं लोखंड, फ्रिज, काही पण घेतो." मी इतकी हसले की बाळ जागं झालं. आमच्याकडे गल्ली संपते तिथे बांध्या लागतात, तिथे ऑलिव्हची झाडं लागायची, एवढाच काय तो फरक. आणि खाली समुद्र. समुद्राचं मला काही कौतुक नाही, बघून झालं की झालं. झाडांकडे मात्र मी रोज बघायची.

शेजारच्या घरात किरिया वासो राहायची. किरिया म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा मॅडम. नवरा गेल्यापासून काळेच कपडे घालते, असं प्रज्ञानं सांगितलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला ग्रीक येत नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं. ती "एला, एला" म्हणायची, म्हणजे ये. आणि मी "हो, आली" म्हणायची. अंगणातल्या खुर्चीवर बसून ती पालेभाजी निवडायची आणि मी समोर बसून तिच्या हातची अर्धी जुडी ओढून घ्यायची. निवडायची पद्धत दोघींची एकच. देठ मोडून बघायचं, काड् आवाज आला की कोवळं. तिनं दिलेलं ताट मी रिकामं परत केलं नाही आणि माझा डबा तिनं. त्या दिवसांत मला वाटायचं की माणसाला भाषा बहुतेक भांडायलाच लागते.

मग ऑलिव्ह काढायचा हंगाम आला. तो येतो ते आधी कानांना कळतं. दूर कुठे तरी यंत्राची घरघर, काठ्यांचे आवाज, आणि झाडाखाली अंथरलेल्या जाळ्यांवर फळं पडताना येणारी टपटप. आठवडाभर वस्तीतली माणसं घरात दिसलीच नाहीत. कोणाचा बँकेत काम करणारा जावई, कोणाचा शहरात दुकान असलेला भाऊ, सगळे जुने कपडे घालून झाडांत. किरिया वासोच्या घरामागे तिची स्वतःची झाडं होती. डोक्याला फडकं बांधून ती काठीनं फांद्या झोडपत होती आणि मोठ्यानं हुकूम सोडत होती. दुपारी सगळे झाडाखाली बसून पाव आणि चीज खायचे. मी बाळाला गाडीत घालून तिथून फेऱ्या मारायची. माझे पाय तिथेच वळायचे, त्याला मी तरी काय करू? केशोरीच्या पलीकडे जे आमचं गाव, तिथल्या कापणीचा वास आणि याचा वास वेगळा, पण माणसांच्या पाठी तशाच वाकलेल्या होत्या.

माझी माय कापणीच्या मजुरीला जायची. आमची शेती नव्हती. विळा तिचा, बांधी दुसऱ्याची. कापून आडव्या पसरलेल्या धानाच्या कडपा सुकल्या, भारे बांधून पुंजण्यात, म्हणजे गंजीत गेले, की बांधी मोकळी व्हायची. मग खाली पडलेली लोंबी ज्याच्या हाताला लागेल त्याची. त्याला सरवा म्हणतात. मालक कितीही चिक्कू असो, सरव्याला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, गावानं त्याच्या तोंडात शेण घातलं असतं. शाळेतून आलं की मी मायच्या मागे टोपलं घेऊन धसकटांतून हिंडायची. पोटऱ्या ओरबाडून निघायच्या. माय फक्त पडलेल्या लोंब्यांवर थांबत नसे. धुऱ्याकडेची, म्हणजे बांधाच्या कडेची, उंदरांची बिळं तिला दिसायची, ती उकरून उंदरानं साठवलेल्या लोंब्यासुद्धा काढायची. मला किळस यायची. एकदा मी रडले, उंदराचं उष्टं मी खाणार नाही म्हणाले.

"कायले रडून राहिली वं?" माय बिळात हात घालूनच बोलली. "उंदरानं का आपल्या बापाच्या घरून आनलं? बांधीतलंच ना? अर्धं ठेवतो मी त्याच्यासाठी, समदं नाई घेत."

आणि खरंच ती अर्धं ठेवायची. बीळ परत झाकून द्यायची.

सरव्याचा तांदूळ ओळखू येतो. दहा बांध्यांतला, दहा वाणांचा, सगळा एकत्र. शिजायला घातला की एक दाणा गळून जातो, तर दुसरा दाताखाली कचकचतो. शाळेत डबा उघडला की तो भात बोलायचा. पोरी बोलत नसत, नुसत्या एकमेकींकडे बघत. त्यातली एखादी आपल्या डब्यातला पांढराशुभ्र भात माझ्याकडे सरकवायची, ते तर मला मुळीच सहन होत नसे. मी डबा झाकून खायला शिकले. पुढे नोकरी लागली, कुडव्यात घर झालं, आणि मी घरात एकाच वाणाचा, एकाच दुकानातला तांदूळ भरायला लागले. माय दर हंगामाला गावाहून यायची, लुगड्याच्या पदरात बांधून सरव्याचे तांदूळ आणायची. "पोरीले नवं खाऊ घाल," म्हणायची. मी ते हातात घेऊन आतल्या खोलीत कपाटामागे ठेवून द्यायची आणि तिला खुणेनं सांगायची, प्रज्ञासमोर बिळांच्या गोष्टी नको. कापणीच्या दिवसांत प्रज्ञाला गावाला नेलं नाही. सहामाही आहे, म्हणायची. सहामाही संपली तरी म्हणायची. माय गेली तेव्हा प्रज्ञा शाळेतच होती. आजी शेतावर जायची, एवढंच तिला ठाऊक. ते ऐकणाऱ्याला वाटावं, आजीचं शेत होतं.

तर त्या वस्तीतला हंगाम संपला. किरिया वासोच्या झाडांखालच्या जाळ्या गुंडाळल्या गेल्या, पोती तेलाच्या घाण्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी बाळ झोपलं होतं म्हणून मी एकटीच बाहेर पडले. झाडांखाली गवतात काळी-जांभळी फळं विखुरलेली. जाळीबाहेर उडालेली, दगडामागे गेलेली. इतकी! मी काही विचार केला नाही. विचार करायला वेळ लागतो, हात त्याच्या आधीच खाली गेले होते. पदर खोचला, हातातली भाजीची पिशवी उघडली आणि वेचायला बसले. किती वर्षांनी बसले असेन, तरी बैठक मोडली नव्हती. डावा हात गवत सारतो, उजवा उचलतो. एक फळ तोंडात टाकून बघितलं, तर इतकं कडू की डोळ्यांतून पाणी आलं. थुंकले, आणि हसतच पुढच्या झाडाखाली सरकले. खोटं कशाला सांगू, त्या देशात मी इतकी खुशीत आधी नव्हते आणि नंतरही नाही.

"आई! काय करून राहिलीस तू?"

प्रज्ञा बाळाला खांद्यावर घेऊन धावत येत होती. तिच्या मागून, घराच्या दारातून, किरिया वासो येत होती. मी पिशवी घेऊन उभी राहिले. पिशवी चांगली भरली होती.

"दुसऱ्याचं आहे ते! अशी कशी बसलीस मातीत? लोक बघून राहिले. विचारायचं तरी. चोरी म्हणतात आई याला."

तिचा चेहरा लाल झाला होता. शाळेत पालकसभेला मी उशिरा, घामेघूम होऊन पोचायची, तेव्हा व्हायचा तसा. मला म्हणायचं होतं, अगं, हा सरवा आहे. हंगाम उठल्यावर पडलेलं जो वेचेल त्याचं असतं, चोरी कसली? तो शब्द जिभेवर आला होता. पण तो शब्द बोलले असते तर त्याच्यामागून टोपलं आलं असतं, बीळ आलं असतं, डबा आला असता, आणि मग सगळंच. आयुष्यभर वर्गात बडबड करणारी बाई मी, आणि तिथे चेहरा पाडून नुसती उभी.

प्रज्ञा किरिया वासोशी ग्रीकमध्ये बरंच काही बोलली. किरिया वासोनं माझ्याकडे बघितलं, मग हळूच जवळ आली, पिशवी काढून घेतली, माझा मातीचा हात आपल्या हातात घेतला आणि मला घराच्या दारापर्यंत आणून सोडलं. पायरी आली तेव्हा पायरी दाखवली. मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई.

त्यानंतर वस्तीच माझ्याशी फार चांगली वागायला लागली. बेकरीवाला पैसे मोजून माझी मूठ बंद करून द्यायचा. स्कूटरवाली पोरं मला बघून वेग कमी करायची. मी वळणावर जरा थांबले की कोणी ना कोणी घराकडे बोट दाखवायचं. किरिया वासो सारखी कुंपणातून डोकावायची, आणि पूर्वीपेक्षा हळू, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायची, जणू हळू बोललं की ग्रीकचं मराठी होतं. एक दिवस तिनं काचेची बरणी आणली. खारवलेले ऑलिव्ह होते. तिनं बरणीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग वेचायची खूण केली. मी वेचलेलेच होते ते, तिनं मुरवून आणले होते.

याचा उलगडा केला औषधाच्या दुकानातल्या मुलीनं. तिला इंग्रजी येत होतं. बाळासाठी थेंब घ्यायला गेले होते. पुडी देता देता तिनं फार मायेनं विचारलं, आज घरची वाट आठवते का? मला समजेना. तेव्हा ती म्हणाली, काळजी करू नका, तुम्हाला विस्मरणाचा आजार आहे हे तुमच्या मुलीनं किरिया वासोला सांगितलंय. किरिया वासोनं आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही कुठे चुकलेल्या दिसलात तर हात धरून घरी पोचवायचं.

मी थेंब घेऊन घरी आले. वाटेत बेकरीवाल्यानं हात हलवला, मीही हलवला. प्रज्ञाला काही बोलले नाही. राग इतका आला होता की बोलले असते तर बाळंतिणीचं दूध नासलं असतं. आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. लेकीला आपली आई चोर दिसण्यापेक्षा वेडी दिसलेली परवडली. तिसरं काही सांगण्यासारखं तिच्याजवळ नव्हतंच. तिला मी दिलंच नव्हतं. परतायचा दिवस येईपर्यंत मी त्या वस्तीत विसरभोळी म्हातारी होऊन राहिले आणि सगळ्यांची माया निमूट खाल्ली. ती बरणी मात्र उघडली नाही, खारट चालत नाही म्हणून सांगितलं. निघताना किरिया वासो माझ्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं असेल, ही आता आपल्याला विसरणार.

यंदाची गोष्ट आता सांगते, म्हणजे मागच्याच आठवड्यातली. हार्वेस्टर जाऊन दोन दिवस झाले होते. हे यंत्र बांधीच्या कोपऱ्यात नीट वळत नाही, धुऱ्याकडेला पट्टाच्या पट्टा तसाच राहतो, लोंब्या मातीत लोळतात. त्या उचलायला कोणी येत नाही. गच्चीवरून दोन दिवस ते बघून बघून माझ्या हातांना खाज सुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असते त्या वेळी, मी पिशवी घेऊन मागच्या दारानं उतरले. मागच्या दारानं का? आपल्याच गल्लीत, आपल्या वयाला? पण उतरले तशीच.

पिशवी अर्धी झाली असेल, तेवढ्यात आवाज आला.

"मॅडम? क्या ढूँढ रहे हो आप धूप में?"

पुष्पाभाभी. आमच्या बाजूच्या घरात पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवते. मनानं लोण्याची, जिभेनं आकाशवाणी. माझ्या तोंडून पटकन निघालं, "कानातलं पडलं ना भाभी. काल इकडे फिरायला आली होती मी."

पिशवी मी पायामागे सरकवली. किती सफाईनं बोलले! माझ्या लेकीला मी ग्रीसहून आल्यापासून मनातल्या मनात ज्याबद्दल कोर्टात उभी करत आले, ते मी श्वास घ्यायच्या आत करून मोकळी झाले.

"अगं बाई, सोन्याचं?" भाभी चपला काढून बांधीत उतरलीच. "रुको, मैं देखती हूँ. अशा वेळी एकट्यानं शोधू नये." ती वाकली आणि शोधायला लागली. धसकटं सारत, लोंब्या उचलून बाजूला फेकत. चांगल्या भरलेल्या लोंब्या. मी तिच्या बाजूला वाकून नसलेलं कानातलं शोधत होते. घाम गळत होता. थांब म्हणावं असं शंभरदा वाटलं. मग तिनं घाम पुसायला मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली. "दोनो तो पहने हो आप."

मी हात कानांना लावले. दोन्ही होते. पुष्पाभाभीच्या चेहऱ्यावरचं हसू आधी आलं आणि मग हळूहळू गेलं, आणि त्या जागी जे आलं ते मी ओळखलं. तिनं माझा हात धरला. "चला, घरी चला. ऊन लागलं असेल. देखो, यहाँ धुरा है, पाय जपून." तिनं मला घरापर्यंत आणलं, पाणी दिलं, पंखा लावला, आणि दुकानात जाऊन प्रज्ञाला फोन केला. अडीअडचणीला म्हणून प्रज्ञानंच तिला नंबर देऊन ठेवला होता.

संध्याकाळच्या आत प्रज्ञाचा फोन. "आई, तू बरी आहेस ना? भाभी काय सांगून राहिल्या? काय शोधत होतीस तू? आज वार कोणता आहे, सांग बरं." मला कळलं, ती खरोखर घाबरली होती. स्वतःच कधी तरी सांगितलेलं आता खरं व्हायला लागलं, असं तिला वाटत होतं. मी सहज म्हणू शकले असते, ऊन लागलं ग. भाभीनं तर ते तयार करूनच दिलं होतं.

"शोधत नव्हते," मी म्हणाले. "सरवा वेचत होते."

"काय वेचत होतीस?"

"सरवा."

"सरवा म्हणजे?"

माझी लेक डॉक्टरेट झालेली. चार भाषांत बोलते. मी पलंगावर बसले आणि तिला सांगायला लागले. बांधी, कडपा, पुंजणं, टोपलं, बिळं, अर्धं ठेवून बीळ झाकणारी तिची आजी, सगळं. डब्यातल्या भाताचंही सांगितलं. मध्ये बाळ, आता चांगलं बोलतं, येऊन काही तरी ग्रीकमध्ये मागत होतं, प्रज्ञानं त्याला थांब म्हटलं. मी किरिया वासोच्या झाडांखाली काय करत होते, ते वेगळं सांगावं लागलं नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" तिनं विचारलं.

"लाज वाटली."

"कोणाची? माझी?"

हो म्हणणं सोपं होतं. तिनं ते ऐकून घेतलं असतं, वर माफीही मागितली असती.

"नाही," मी म्हणाले. "मायची. माझ्या मायची लाज वाटायची मला."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणाले. मग ती बोलली.

"मला पण, आई. तुझी."